नदीने वर कोणी जायचं?

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, पेरूच्या सीमेजवळ, इतुई आणि इताक्वाई या दोन नद्यांचा संगम आहे. संगमावर लाकडी खांबांवर उभारलेली एक चौकी आहे, आदिवासींचं काम पाहणाऱ्या 'फुनाई' या सरकारी संस्थेची. खालून येणाऱ्या होडीने इथे थांबायचं, कोण आहोत आणि कशाला आलो ते सांगायचं, असा नियम आहे. कारण चौकीच्या मागे जावारी खोऱ्याचं राखीव आदिवासी क्षेत्र सुरू होतं. ते सुमारे ८५,००० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. आत रस्ते नाहीत. मारुबो, मात्सेस, मातिस, कानामारी, कुलिना, कोरुबो यांची गावं नद्यांच्या काठाने विखुरलेली आहेत. त्यांच्याही पलीकडे, ओढ्यांच्या उगमाकडे, बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणारे समूह राहतात. जगात असे समूह सर्वांत जास्त याच खोऱ्यात आहेत.

२०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत या चौकीवर पुन्हा पुन्हा गोळीबार झाला. आत शिरून पिरारुकू मासा, नदीतली कासवं आणि रानडुकरं चोरून नेणाऱ्यांना ती चौकी नको होती. ५ जून २०२२ रोजी याच इताक्वाई नदीवर ब्रुनो परेरा आणि डॉम फिलिप्स यांचा खून झाला. परेरा हे फुनाईतले जाणते अधिकारी. तिथून बाजूला केल्यावर ते 'उनिवाजा' या आदिवासींच्या संघटनेबरोबर काम करत होते, आणि गावातल्या लोकांना नदीवर गस्त घालायला, नकाशे आणि पुरावे जमवायला शिकवत होते. फिलिप्स हे ब्रिटिश पत्रकार. ते त्या गस्तीबद्दल लिहिणार होते. दोघं बेपत्ता झाल्यावर शोधाला आधी बाहेर पडली ती आदिवासींचीच गस्तीची तुकडी, आणि पाण्यात बुडालेल्या झाडांमध्ये त्यांच्या वस्तूंचा माग लागला तोही तिच्यामुळेच.

ॲमेझॉनमध्ये नदीचं तोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतलं सगळं: मासे, लाकूड, सोनं आणि माणसंही. म्हणून नदीने वर कोणी जायचं हा तिथला सर्वांत मोठा राजकीय प्रश्न आहे. आणि आपल्याकडे तो हौसेचा विषय होऊ लागला आहे, म्हणून मी हे लिहितो आहे. दक्षिण अमेरिकेच्या सहली आता पुण्या-मुंबईहून निघतात. मराठी यूट्यूबवर 'जंगलातल्या जमातीसोबत एक दिवस' छापाचे व्हिडिओ भरपूर पाहिले जातात. जितकं गाव दुर्गम तितकं जाणं मोठं, असं एक मोजमाप आपण नकळत स्वीकारलं आहे. मला हे मोजमाप घातक वाटतं.

माझं म्हणणं असं की नदीने वर कोणी, किती जणांनी आणि कशासाठी यायचं हे काठावर राहणाऱ्यांनी ठरवायचं. त्यांनी नाही म्हटलं तर विषय तिथेच संपायला हवा. आणि त्यांच्या होकाराला अर्थ तेव्हाच, जेव्हा नकार देऊनही त्यांच्या घरची चूल पेटती राहील. यातली शेवटची अट लोक सहज विसरतात.

ती का महत्त्वाची हे पेरूतल्या इकितोस शहराजवळ दिसतं. इकितोस रस्त्याने देशाशी जोडलेलंच नाही. तिथे विमानाने जायचं किंवा नदीने. शहराच्या बेलाविस्ता-नानाय धक्क्यावर काडीला टोचून भाजलेल्या, बोटभर जाडीच्या अळ्या विकायला बसलेल्या बायका असतात, आणि त्यांच्या मागे पर्यटकांची वाट पाहणाऱ्या मोटारहोड्या. होडी नानायमधून मोमोन या उपनदीत शिरते आणि तासाच्या आत बोरा लोकांच्या मोठ्या गवती छपराच्या घरापुढे लागते. आत झाडाच्या सालीपासून केलेल्या कापडाचे घागरे नेसलेले बायका-पुरुष उभे असतात. तोंडावर रंगाच्या रेघा. नाच होतो, पाहुण्यांना हाताला धरून नाचात ओढलं जातं, आणि नाच संपला की चंबीरा ताडाच्या दोऱ्याच्या पिशव्या आणि बियांच्या माळा पुढे येतात. घ्या म्हणून आग्रह होतो, आणि आग्रहात घाई असते, कारण पुढची होडी यायची असते. होडी निघून गेली की तीच मंडळी अर्धी चड्डी आणि टी-शर्टात परततात.

पर्यटक परत येऊन तक्रार करतो की सगळं नाटक होतं. मला त्या तक्रारीचा राग येतो. बोरांचं मूळ गाव मोमोनच्या काठी नव्हतं. ते पुतुमायो आणि काकेता नद्यांच्या मधल्या मुलखातले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुलिओ सेसार अराना या रबरसम्राटाच्या कंपनीने तिथे बोरा, उइतोतो, ओकाइना, आंदोके यांना रबर गोळा करायला जुंपलं. ठरलेलं वजन भरलं नाही की चाबूक, खोडा, उपासमार. कंपनी १९०७ मध्ये लंडनमध्ये नोंदवलेली होती, म्हणून ब्रिटिश सरकारला चौकशी करणं भाग पडलं. १९१० मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट इकितोसहून नदीने पुतुमायोला गेले आणि बार्बाडोसहून आणलेल्या मुकादमांच्या तोंडून त्यांनी एकेक अत्याचार नोंदवून घेतला. तो अहवाल १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३०,००० माणसं मेली होती. पुढे तो मुलूख कोलंबियाकडे जाणार असं ठरलं, तेव्हा उरलेल्यांपैकी अनेकांना जुन्या रबरमालकांनी पेरूच्या हद्दीत, आम्पियाकू नदीच्या खोऱ्यात आणून बसवलं. तिथून काही कुटुंबं कालांतराने इकितोसच्या जवळ, मोमोनवर आली.

म्हणजे ज्यांच्या पणजोबांना होडीत घालून त्यांच्या जमिनीवरून हलवलं, त्यांच्याकडून आपण होडीत बसून जाऊन अस्सलपणाची अपेक्षा करतो. शहराजवळच्या त्या तुकड्यावर शिकार उरलेली नाही, मासे कमी, बाजारात जायला पैसे लागतात. अशा वेळी नाच हा त्यांच्या हाती असलेला एक धंदा आहे आणि तो ते मेहनतीने करतात. त्यात त्यांना कमी लेखण्यासारखं काही नाही. पण त्याला स्वखुशीचं निमंत्रणही म्हणता येणार नाही. पनामात चाग्रेस नदीच्या काठी एम्बेरा आदिवासींची गावं आहेत, तिथेही हेच झालं. कालव्याला पाणी पुरवणारं ते खोरं, म्हणून १९८० च्या दशकात तिथे राष्ट्रीय उद्यान आलं. शेती आणि शिकारीवर बंधनं आली. मग लांबलचक कोरीव होड्यांना इंजिन लावून शहरातले पाहुणे आणायचे, एवढीच वाट उरली. कित्येक एम्बेरा आज आपली कला आणि भाषा टिकल्याचं श्रेय पर्यटनाला देतात, आणि ते मी मान्य करतो. तरीही सरकारने आधी शेती काढून घेतली आणि मग पर्यटन दिलं, हा क्रम विसरून चालणार नाही.

आता दुसरं टोक. ज्यांनी नकार दिला आहे, त्यांच्या नकाराचं काय होतं?

पेरूच्या मानू आणि लास पिएद्रास नद्यांच्या वरच्या अंगाला माश्को पिरो राहतात. १८९४ मध्ये कार्लोस फित्झकाराल्दच्या रबरवाल्यांनी वरच्या मानूवर कत्तल केली. वाचलेले जंगलात आत पळाले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी बाहेरच्यांपासून लांब राहायचं ठरवलं. त्यांच्या त्या निर्णयामागे एक पूर्ण इतिहास आहे. त्यांना 'अजून जग न दिसलेली माणसं' म्हणणं निखालस खोटं आहे. जग त्यांनी पाहिलं, आणि मागे फिरले. गेल्या दशकाच्या सुरुवातीला ते कोरड्या ऋतूत मानूच्या वाळवंटावर दिसू लागले, तेव्हा जाणाऱ्या होड्यांमधून फोटो काढले गेले, काठावर कपडे आणि खाऊ ठेवला गेला. अधिकाऱ्यांना होड्यांना इशारे द्यावे लागले. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण घामट सदऱ्यातून काय जातं, हे आपण विचारातच घेत नाही.

जावारीतल्या मातिस लोकांशी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी पथकांचा संपर्क आला. मागोमाग श्वसनाचे आजार आले. १९८३ च्या सुमारास सगळे मिळून नव्वदहून कमी मातिस उरले होते. हे कसं होतं ते नीट समजून घ्यायला हवं. ज्या विषाणूशी कुणाचीच ओळख नाही, तो आला की गावातली सगळी माणसं एकाच आठवड्यात आडवी होतात. पाणी आणायला, मासे मारायला, तान्ह्याला पाजायला, मळ्यातला कसावा उपटायला कुणीच उभं राहत नाही. तापाने मरतात त्यांच्याखेरीज कित्येक माणसं तहान-भुकेने आणि धास्तीने पळून जाऊन मरतात. म्हातारे आधी जातात, आणि त्यांच्याबरोबर औषधं, नात्यांचे हिशेब आणि विधीही जातात. हा अनुभव पदरी घेऊनच १९८७ पासून ब्राझीलने धोरण बदललं: एकाकी समूहांना शोधून 'माणसाळवायचं' नाही, लांबून लक्ष ठेवायचं आणि त्यांच्या मुलखाला कुंपण घालायचं. त्या धोरणाचे शिल्पकार सिडनी पोसुएलो हे स्वतः अनेक वर्षं असे संपर्क करणाऱ्या पथकांचे प्रमुख होते. त्यांनी काम करता करता परिणाम पाहिले आणि ते थांबले. २०२० मध्ये कोविड आल्यावर ब्राझीलच्या न्यायालयाने मिशनऱ्यांना जावारी खोऱ्यात जाण्यास बंदी घातली, तीही उनिवाजाने मागितली म्हणून.

अशा समूहांच्या दिशेने पर्यटक, धर्मप्रचारक, कॅमेरेवाला, कुणीही जाऊ नये, यात मला कसलीही तडजोड मान्य नाही. इथे ज्ञान, मैत्री, साहस यातलं कुठलंच कारण चालत नाही.

पण बहुसंख्य गावं या दोन टोकांच्या मध्ये आहेत, आणि खरा वाद तिथेच आहे. त्यांना बाहेरचं जग माहीत आहे, त्यांच्यात शिक्षक आहेत, नगरसेवक आहेत, मोबाइल आहेत. त्यांना पाहुणे हवेही असतील. ते त्यांनी कसं ठरवायचं?

एकाच समाजाच्या दोन नद्या पाहा. यानोमामींचा मुलूख ब्राझीलमध्ये सुमारे ९६,००० चौरस किलोमीटरचा, १९९२ मध्ये मान्यता मिळालेला. त्यातल्या उरारिकुएरा नदीने सोनं शोधणारे बेकायदा खाणवाले हजारोंनी आत शिरले. संघटनांच्या अंदाजाने ते २०,००० च्या आसपास होते. इंधन, पंप, दारू आणि बंदुका होडीतून जात. २०२१ मध्ये पालिमिऊ गावाने नदीत अडथळा घातला आणि खाणवाल्यांच्या इंधनाच्या होड्या अडवल्या. उत्तरादाखल खाणवाले होड्या भरून आले आणि गावावर गोळीबार झाला. पळापळीत दोन लहान मुलं बुडाल्याचं यानोमामींच्या संघटनेने कळवलं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तोवर मलेरिया, कुपोषण आणि नदीतल्या पाऱ्याने पिढी पोखरली होती.

त्याच यानोमामींच्या मुलखाच्या दुसऱ्या टोकाला मातुराका हे गाव आहे, आणि तिथून यारिपोला वाट जाते. यारिपो म्हणजे ब्राझीलचं सर्वांत उंच शिखर, २,९९५ मीटर. तिथे पूर्वी कुणीही यायचं, कचरा टाकायचं, गावाला काही मिळायचं नाही. २००३ मध्ये शिखर बंद झालं. मग गावाने स्वतः अनेक वर्षं बसून योजना केली: गट किती जणांचा, वाटाड्या कोण, ओझी कोण उचलणार, बायकांच्या संघटनेचा वाटा किती, पवित्र जागा कुठल्या टाळायच्या. आदिवासी क्षेत्रातल्या पर्यटनासाठी फुनाईने २०१५ मध्ये नियम केले आहेत आणि त्यानुसार असा आराखडा मंजूर व्हावा लागतो. मार्च २०२२ मध्ये शिखर पुन्हा उघडलं. पाहुणे साओ गाब्रिएल दा काशोएरा या गावाहून आधी चिखलाच्या रस्त्याने आणि मग नदीने येतात, छोट्या छोट्या गटांनी. मातुराकातल्या काही लोकांनी आधी सोन्याच्या खाणीतही काम केलं होतं. त्यांना दुसरी कमाई हवी होती, आणि ती त्यांनी आपल्या अटींवर उभी केली.

दोन्ही नद्यांवर होडीच आहे, इंजिनही तेच. एका ठिकाणी दार आतून उघडलं गेलं, दुसरीकडे ते बाहेरून फोडलं.

आतून उघडलेल्या दाराचे नियमही आधीपासूनच असतात. इक्वाडोरच्या पास्तासा खोऱ्यातल्या अचुआरांचं घर लंबवर्तुळाकार, भिंती नसलेलं किंवा फळ्यांच्या कुडाचं, आणि त्याचे दोन भाग असतात. एक पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, दुसरा बायकांचा आणि चुलीचा. पाहुण्याने पहिल्या भागात यायचं, दाखवलेल्या बैठकीवर बसायचं आणि यजमान बोलेपर्यंत थांबायचं. घरची बाई कसाव्याचं आंबवलेलं पेय मातीच्या पातळ वाडग्यातून देते. ते नाकारणं म्हणजे घराचा अपमान. बायकांच्या भागात परक्या पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं. ही रीत पर्यटकांसाठी बनवलेली नाही. भांडणतंट्याच्या काळात पाहुणा शत्रूही असू शकत होता, त्यातून ती आली. याच अचुआरांच्या मुलखात १९९६ मध्ये एका खासगी कंपनीने कापावी हे निवासस्थान सुरू केलं, आणि ठरल्याप्रमाणे ते पुढे पूर्णपणे अचुआरांच्या मालकीचं झालं. तिथे रस्त्याने जाता येत नाही. लहान विमानाने धावपट्टीवर उतरायचं आणि पुढे होडीने. २०१७ पासून त्यांच्या नद्यांवर सौरऊर्जेवर चालणारी होडीही धावू लागली. पेट्रोल विमानाने आणावं लागतं आणि शहरापेक्षा कितीतरी महाग पडतं, म्हणून ही होडी त्यांना हवी होती. आणि रस्ता नको असेल तर नदीचाच प्रवास स्वस्त व्हायला हवा, हा विचारही त्यामागे आहे.

रस्ता नको, हे ऐकून आपल्याकडचे वाचक चमकतील. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या गावात रस्ता नाही म्हणून बाळंतीण खाटेवरून नेतात, आणि तुम्ही रस्ता नको म्हणता? आक्षेप रास्त आहे. आदिवासींना संग्रहालयात ठेवायचं का, हा प्रश्नही याच वळणाने येतो. माझं उत्तर असं की ॲमेझॉनमध्ये रस्ता काय करतो ते मोजलेलं आहे. तिथली सुमारे ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आहे. मुख्य रस्त्याला काटकोनात फाटे फुटतात, फाट्यांवर लाकूडवाले, मग गुरंवाले, मग जमीनदार. विमानातून ते माशाच्या काट्यासारखं दिसतं. दवाखान्यासाठी मागितलेल्या रस्त्याने डॉक्टर येईलच असं नाही, लाकडाचा ट्रक मात्र येतो. गावाने हे सगळं समजून रस्ता मागितला, तर तो द्यावा. त्यांचा होकारही त्यांचाच.

पण दवाखाना यायला रस्ताच लागतो हे मला मान्य नाही. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवला गेला. तो अपुरा आहे, बंद पडतो, कर्मचारी मिळत नाहीत, हे सगळं खरं. तरी आरोग्यसेवेने पाण्यावरून लोकांकडे जायचं असतं, हे तत्त्व महाराष्ट्राने मान्य केलेलं आहे. ब्राझीलकडे नौदलाची रुग्णालय-जहाजं आहेत, पेन्शनचे अर्ज घेणारी तरंगती कार्यालयं आहेत, तरंगती आरोग्यकेंद्रं आहेत. मोठ्या नदीवर ती पोचतात. लहान उपनद्यांवर पोचत नाहीत.

आणि म्हणून जावारी खोऱ्यातली माणसं उलट खाली येतात. वृद्धापकाळाची पेन्शन, गरिबांसाठीचं अनुदान, ओळखपत्र, यासाठी कानामारी आणि इतर कुटुंबं कित्येक दिवस होडी चालवत अतालाया दो नोर्ते या गावी येतात. इंधन स्वतःच्या पैशाने. कागद अपुरे निघतात, बँकेत रोकड नसते, तारीख पुढे जाते. राहायला जागा नसते, म्हणून धक्क्याला बांधलेल्या होडीतच ताडपत्रीखाली आठवडेच्या आठवडे संसार मांडतात. प्यायचं पाणी त्याच गढूळ काठाचं. मुलांना हगवण लागते, आणि घेतलेलं अनुदान परतीच्या पेट्रोलमध्ये आणि दुकानदाराच्या उधारीत जातं. हिपॅटायटिस आणि मलेरियाने हे खोरं वर्षानुवर्षं गांजलेलं आहे.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हे. ज्यांनी वर जायला हवं, म्हणजे लस घेऊन नर्स, पेन्शनचा कारकून, दुभाषा, ते जात नाहीत. ज्यांनी जाऊ नये ते प्रत्येक पाण्यात वाट काढतात. २०२३ आणि २०२४ च्या दुष्काळात तर ही नदीची वाटही आटली. मानौसला नेग्रो नदीची पातळी ऑक्टोबर २०२३ मध्ये १२.७० मीटरवर आली, शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदीतली तोवरची नीचांकी, आणि पुढच्याच वर्षी ती त्याहूनही खाली गेली. वाळूच्या पट्ट्यांवर होड्या रुतल्या. गावांपर्यंत तांदूळ, डिझेल आणि औषधं पोचेनात. सरकारी सेवा आधीच दूर होती, ती आणखी दूर गेली. नदीकाठच्या समाजाला मदत करायची तर उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या, इंधनाचा खर्च, आणि गावातच प्रशिक्षण घेतलेले आरोग्यसेवक हवेत. त्यातलं काहीही पर्यटनातून येणार नाही. ते सरकारचं देणं आहे.

गावाने ठरवायचं म्हटलं की एक अडचण येते, तीही सांगायला हवी. नदी एकाच गावाची नसते. इक्वाडोरमध्ये सारायाकू हे किचवा लोकांचं गाव बोबोनासा नदीवर आहे. त्यांच्या जमिनीत तेल कंपनीने न विचारता सुरुंग पेरले, ते त्यांनी अडवलं, आणि २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: आधी विचारायला हवं होतं. हा निकाल आज जगभर दाखला म्हणून दिला जातो. पण त्या लढ्याच्या काळात कंपनीने नदीवरची शेजारची गावं आपल्या बाजूला वळवली होती, आणि त्यांनी सारायाकूच्या लोकांचीच नदीवरची ये-जा अडवली. म्हणजे नदीचं फाटक गावाच्या हातात देणं पुरेसं नाही. खोऱ्यातल्या सगळ्या गावांची मिळून एक सभा हवी, आणि काठावर राहणाऱ्यांची ये-जा कधीच अडवता येणार नाही ही अट हवी. उनिवाजासारखी संघटना, जिच्यात खोऱ्यातले अनेक समाज एकत्र आहेत, म्हणून मोलाची आहे.

महाराष्ट्राला हे तत्त्व परकं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं. बांबू कोणी तोडायचा हे ग्रामसभा ठरवते, हे ऐकून आपल्याला अभिमान वाटतो. मग होडीतून कोणी उतरायचं हेही ग्रामसभाच ठरवेल, यात अवघड काय आहे?

आपल्याला ते अवघड जातं याचा पुरावा अंदमानात आहे. सेल्युलर जेलसाठी मराठी माणूस अंदमानला मोठ्या संख्येने जातो आणि जायलाच हवं. पण त्या सहलीत बाराटांगच्या चुनखडीच्या गुहाही असतात. तिकडे जाताना जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या अंदमान ट्रंक रोडवरून वाहनांचा ताफा जातो, मग खाडी ओलांडायची आणि कांदळवनातून होडीने गुहांकडे. त्या जंगलातून जाणारा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाऊ देऊन नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगाने पाहिला. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ येऊन गेली होती, म्हणजे धोका काय तो सगळ्यांना माहीत होता. तरी सहलीहून आलेल्यांना आजही पहिला प्रश्न असतो: जारवा दिसले का? २०१८ मध्ये, बाहेरच्यांना येऊ न देणाऱ्या लोकांच्या उत्तर सेंटिनेल बेटावर उतरलेला अमेरिकी तरुण मारला गेला. २०२५ मध्ये आणखी एक जण तिथे नारळ आणि शीतपेयाचा कॅन ठेवून आला आणि त्याला अटक झाली. आपण त्या दोघांना वेडे म्हणतो. ताफ्यातल्या गाडीची काच खाली करून बाहेर पाहणाऱ्याला मात्र पर्यटक म्हणतो.

ॲमेझॉनची सहल ठरवताना आयोजकाला विचारावं: या गावाने बोलावलं आहे का, कुठल्या सभेत ठरलं, पैशातला किती वाटा गावात राहतो, आणि आमच्यातला कुणी खोकत असेल तर तुम्ही त्याला होडीत घेता का? उत्तर मिळालं नाही तर त्या नदीवर जाऊ नये. पाहायला उरलेली ॲमेझॉन अफाट आहे. आणि अंदमान सहलीच्या कार्यक्रमातून बाराटांग काढायला सांगावं. त्याने सहलीत काही उणं राहत नाही. मराठी सहल कंपन्यांनी हे आपण होऊन केलं, तर ताफ्यातल्या किती गाड्या कमी होतील याचा हिशेब त्यांच्याकडेच आहे.